पाच हजार वर्षांचा सातबारा

अरुणाचल प्रदेशातल्या गावांना, डोंगरांना आणि नद्यांना चिनी नावे देणारी यादी बीजिंगने २०१७ ते २०२५ या काळात पाच वेळा काढली. पहिल्यांदा सहा नावे, मग पंधरा, अकरा, तीस आणि मे २०२५ मध्ये सत्तावीस. दर यादीनंतर आपल्याकडचा कार्यक्रमही ठरलेला असतो. परराष्ट्र खाते निषेधाचे चार शब्द काढते, वाहिन्यांच्या पडद्यावर आग ओकणारा ड्रॅगन येतो आणि चर्चेला दोन प्रकारची माणसे बसतात. पहिला म्हणतो, विस्तारवाद चिन्यांच्या रक्तातच आहे, पाच हजार वर्षे त्यांनी शेजाऱ्यांना गिळण्याचाच धंदा केला. दुसरा जरा वाचलेला असतो. तो झेंग हे या पंधराव्या शतकातल्या चिनी आरमारप्रमुखाचे नाव काढतो. एवढा मोठा आरमारी ताफा कालिकतपर्यंत आला, पण चीनने इंचभर वसाहत केली नाही, तेव्हा गोऱ्यांच्या साम्राज्यवादाची फूटपट्टी चीनला लावू नका, असे सांगतो. मग दोघे एकमेकांवर तुटून पडतात.

मला या दोघांच्या भांडणापेक्षा त्यांच्या एकमताची काळजी वाटते. चीन नावाची एकच एक वस्तू पाच हजार वर्षे तशीच चालत आली आहे, तिला एक स्वभाव आहे आणि तो ओळखला की आजच्या प्रश्नाचे उत्तर हाती येते, हे दोघांनीही धरूनच ठेवलेले असते. एकाच्या मते तो स्वभाव वाईट, दुसऱ्याच्या मते चांगला, एवढाच काय तो फरक. पण ही 'एकच एक वस्तू' ही तर चिनी कम्युनिस्ट पक्षाची सगळ्यात लाडकी कल्पना आहे. तिबेट, शिनच्यांग, तैवान, दक्षिण चीन समुद्र या सगळ्या दाव्यांचा पाया तोच : आम्ही पूर्वापार एकच आहोत. आपल्या वाहिनीवरचा सगळ्यात कडवा चीनविरोधक मुठी आपटत जे सांगतो, त्यातले पहिले अर्धे वाक्य बीजिंगचा प्रवक्ता आनंदाने स्वतःच्या निवेदनात घेईल. जमिनीच्या वादात समोरच्याचा सातबारा खरा मानायचा आणि मग तो माणूस किती लबाड आहे यावर भांडायचे, असा हा प्रकार आहे. सातबारा हाती घेतल्यावर शहाणा माणूस आधी फेरफार बघतो. कोणती नोंद कधी चढली, कोणी चढवली, आधी तिथे कोणाचे नाव होते?

चीनच्या बाबतीत हे बघायला फार लांब जावे लागत नाही. पर्यटक जी भिंत बघायला जातात ती बहुतांशी मिंग राजवटीची आहे. मंगोल आत येऊ नयेत म्हणून बांधलेली. आज नकाशा उघडला तर त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना चीनच दिसतो. मध्यमवर्गीय बंगल्याचे कुंपण दिवाणखान्यातून जावे, तसे. हे झाले कसे? १६४४ मध्ये भिंतीपलीकडचे मांचू बीजिंगमध्ये आले, त्यांनी आपल्या चिंग राजवटीची गादी तिथे मांडली आणि पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत त्यांनी मंगोलिया, तिबेट आणि मध्य आशियाचा मोठा पट्टा आपल्या छत्राखाली आणला. १७५० च्या दशकात छ्यानलोंग बादशहाच्या फौजांनी झुंगार मंगोलांचा असा निःपात केला की ती जमात जवळपास नामशेष झाली. त्या मुलुखाला नाव मिळाले शिनच्यांग, म्हणजे 'नवी सरहद्द'. जो प्रदेश 'पूर्वापार' आपला, त्याला कोणी नवी सरहद्द म्हणत नाही.

त्याहून बोलका पुरावा चिंग दरबाराच्या कारभारात आहे. कोरिया, व्हिएतनाम, र्‍युक्यू बेटे (आजचे ओकिनावा) यांचे वकील आले की त्यांचे काम विधी-मंत्रालय बघे. मंगोल, तिबेट आणि पुढे शिनच्यांग यांच्यासाठी मात्र वेगळे खाते होते, लिफान युआन. तिथला अंमल मांचू आणि मंगोल अधिकाऱ्यांच्या हाती होता, हान अधिकाऱ्यांना त्यात जवळपास वाव नव्हता. मंगोलियात आणि मांचूंच्या मूळ भूमीत हान शेतकऱ्यांनी जाऊन वसू नये म्हणून बंधनेही घातलेली होती. म्हणजे बादशहा एक, पण त्याच्या अमलाचे धागे वेगवेगळे होते. हान प्रजेसाठी तो स्वर्गपुत्र, मंगोलांसाठी खानांचा खान आणि ल्हासाच्या लामांसाठी धर्माचा आश्रयदाता. हे धागे एकत्र बांधणारी गाठ म्हणजे ती राजवट. ती सुटल्यावर काय व्हायला हवे होते?

१९११ मध्ये हा प्रश्न खराखुरा उभा राहिला, आणि त्या चार महिन्यांकडे आपल्याकडे कोणी बघत नाही याचे मला नवल वाटते. क्रांतिकारकांचे पुढारी सुन यत-सेन आणि त्यांच्या साथीदारांची १९०५ ची शपथ होती, तातारांना हाकला आणि चीनला पुन्हा उभा करा. तातार म्हणजे मांचू. ज्यांना परके म्हणून हाकलायचे होते त्यांच्याच तलवारीने मिळवलेला मुलूख नव्या चीनमध्ये धरायचा की नाही? ऑक्टोबर १९११ मध्ये वुचांगला उठाव झाला तेव्हा बंडखोरांच्या झेंड्यावर अठरा तारे होते. अठरा प्रांतांचे अठरा. त्यांत तिबेट नव्हता, मंगोलिया नव्हता, शिनच्यांग नव्हता, मांचुरियासुद्धा नव्हता. १२ फेब्रुवारी १९१२ रोजी बालबादशहाच्या नावाने गादी सोडल्याचे फर्मान निघाले, त्यात मात्र मांचू, हान, मंगोल, हुई आणि तिबेटी या पाचही समाजांच्या संपूर्ण भूमीचे मिळून एक प्रजासत्ताक होईल असे लिहिलेले होते. नवा झेंडा पाच रंगांचा झाला. अठरा ताऱ्यांपासून पाच रंगांपर्यंतचा हा प्रवास चार महिन्यांत झाला. सातबाऱ्यावरची सगळ्यात मोठी नोंद ती, आणि ती चढली तेव्हा मंगोल आणि तिबेटी यांना कोणी विचारले नव्हते. मंगोलियाने त्याआधीच, डिसेंबर १९११ मध्ये, स्वातंत्र्य जाहीर केले होते. ल्हासातून चिनी फौजा १९१२ मध्ये बाहेर काढल्या गेल्या आणि तेरावे दलाई लामा परत येऊन स्वतःचा कारभार बघू लागले.

कम्युनिस्टांनाही हा वारसा सुरुवातीला गैरसोयीचाच वाटत होता. १९३१ मधल्या त्यांच्या सोव्हिएत प्रजासत्ताकाच्या घटनेत मंगोल, तिबेटी वगैरेंना थेट फुटून निघण्यापर्यंतचा स्वयंनिर्णयाचा हक्क दिलेला होता. १९३६ मध्ये एका अमेरिकी पत्रकाराशी बोलताना माओंनी जपानच्या ताब्यातल्या कोरियाच्या स्वातंत्र्याला मदत करू असे सांगितले आणि तेच तैवानलाही लागू आहे असे जोडले. सत्ता जवळ आल्यावर हे सगळे विसरले गेले. उलट चँग कै-शेक यांच्या राष्ट्रवादी सरकारचा नकाशा कम्युनिस्टांनी जवळपास जसाच्या तसा उचलला. दक्षिण चीन समुद्रातली ती गाईच्या जिभेसारखी रेषा १९४७ मध्ये याच राष्ट्रवाद्यांनी अकरा तुकड्यांत छापली, माओंच्या काळात त्यातले दोन तुकडे खोडले गेले. मंगोलियावरचा हक्क तर १९४९ नंतर तैवानला गेलेल्या या राष्ट्रवाद्यांच्या तैपेई सरकारने बीजिंगपेक्षा जास्त काळ आणि जास्त जिद्दीने धरला. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मंगोलियाला प्रवेश मिळू नये म्हणून नकाराधिकार वापरणारे सरकार तैवानमधले होते. तेव्हा हा सगळा कम्युनिझमचा दोष, असेही म्हणता येत नाही.

दुसरा घोळ शब्दाचा आहे. चीनच्या शेजारी राज्यांकडून दरबारात जे जाई त्याला आपली वर्तमानपत्रे सर्रास 'खंडणी' म्हणतात. खंडणी काय असते हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. मानेवर तलवार ठेवून ती वसूल होते. बीजिंगला जे जाई ते बहुधा नजराण्याच्या जातीचे होते. वकील जात, गुडघे टेकत, रेशीम आणि चांदीचा शिरपाव घेऊन परत येत, आणि त्याबरोबर व्यापाराची परवानगी मिळे. नजराणा देणे म्हणजे मालकी मान्य करणे होते का? १७९२ च्या पावसाळ्याकडे बघा. त्या जूनमध्ये महादजी शिंदे दिल्लीहून आणलेले फर्मान घेऊन पुण्यात आले आणि बादशहाच्या नावाने मांडलेल्या रिकाम्या सिंहासनापुढे सवाई माधवरावांनी मुजरा करून नजर ठेवली, वकील-इ-मुतलकपदाची, म्हणजे बादशहाच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीपदाची, वस्त्रे घेतली. तो बादशहा, शाह आलम, चार वर्षांपूर्वी आंधळा केला गेला होता आणि शिंद्यांच्याच आसऱ्याने गादीवर होता. पुणे मोगलांच्या मालकीचे होते असे त्यावरून कोणी म्हणेल काय? म्हटले तर सदाशिव पेठेत त्याची धडगत राहणार नाही. त्याच पावसाळ्यात हिमालयापलीकडे फुकांगआन नावाचा चिंग सेनापती तिबेट लुटणाऱ्या गोरख्यांचा पाठलाग करत काठमांडूच्या जवळ येऊन ठेपला होता. तह झाला, दर पाच वर्षांनी बीजिंगला वकील पाठवण्याचे नेपाळने कबूल केले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ते जात राहिले. पण १८१४ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपल्यावर नेपाळने बीजिंगकडे मदत मागितली तेव्हा काहीच आले नाही. मालक असा असतो?

व्हिएतनामचे उदाहरण याहून मासलेवाईक आहे. १७८९ च्या तेत सणात, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या पाचव्या दिवशी, क्वांग त्रुंग या राजाने हनोईत शिरलेल्या चिंग फौजेची दाणादाण उडवली. आणि त्याच वर्षी त्याने बीजिंगला नम्र पत्र लिहून राजेपदाची मान्यता मिळवली. व्हिएतनामचे राजे घरात स्वतःला सम्राट म्हणवत आणि बीजिंगला लिहिताना राजा. पुढच्या घराण्यातल्या झ्या लोंगने देशासाठी 'नाम व्हिएत' हे नाव मागितले, चिंग दरबाराने शब्द उलटे करून १८०४ मध्ये 'व्हिएत नाम' दिले. आज जगात ज्या देशाने चीनशी लढण्याचा सगळ्यात जास्त अभिमान बाळगला आहे त्याचे नावसुद्धा बीजिंगच्या दरबारातून आलेले आहे! या एका गोष्टीत 'गुलाम' आणि 'स्वतंत्र' हे दोन्ही शब्द थिटे पडतात.

आता समोरच्या बाजूचे जे खरे आहे ते मान्य करायला हवे. सगळी मुलुखगिरी मांचूंच्या माथी मारून चालत नाही. इ.स.पू. १११ मध्ये हान राजवटीने उत्तर व्हिएतनाम जिंकला आणि तो सुमारे हजार वर्षे चिनी अमलाखाली राहिला, तो सुटला ९३८ मध्ये. मिंगांनीही १४०७ पासून वीस वर्षे तो पुन्हा दाबून बघितला. आजचे ग्वांगदोंग, ग्वांगशी, युन्नान हे प्रांत मुळात हान लोकांचे नव्हते. झेंग हेच्या भक्तांनी श्रीलंकेकडेही एकदा बघावे. त्या 'शांतिदूता'ने तिथल्या अलकेश्वर या सत्ताधीशाशी लढाई केली आणि त्याला पकडून चीनला नेले. वरचढपणाची भाषाही काही संपलेली नाही. २०१० मध्ये हनोईत आग्नेय आशियाई देशांच्या मंत्र्यांसमोर चीनचे परराष्ट्रमंत्री यांग च्येछ म्हणाले होते की चीन मोठा देश आहे, इतर देश छोटे आहेत आणि ही वस्तुस्थिती आहे. १९६२ आपल्याला ठाऊक आहे. १९७४ मध्ये पॅरासेल बेटे, १९८८ मध्ये दक्षिण चीन समुद्रातला जॉन्सन खडक, जिथे व्हिएतनामचे ६४ जवान मारले गेले, मग गलवान. १९७९ मध्ये अटलबिहारी वाजपेयी परराष्ट्रमंत्री म्हणून चीनमध्ये असतानाच व्हिएतनामवर स्वारी झाली आणि त्यांना दौरा आवरता घ्यावा लागला. ही यादी खोटी नाही आणि तिच्याकडे काणाडोळा करणाऱ्यांशी माझे जमणार नाही.

पण 'रक्तात आहे' या उत्तराने यातले काय उलगडते? व्हिएतनाम सुटला आणि ग्वांगदोंग का सुटला नाही, हे ते सांगू शकत नाही. चंपा हे आजच्या मध्य व्हिएतनाममधले हिंदू राज्य दक्षिणेकडे सरकत सरकत गिळणारे लोक तर व्हिएतनामीच होते, विजया ही त्याची राजधानी त्यांनी १४७१ मध्ये घेतली. मग विस्तारवाद त्यांच्याही रक्तात का? आणि सगळ्यात अडचणीचा प्रश्न आज रशियात असलेल्या व्लादिवोस्तोकचा आहे. १८५८ आणि १८६० च्या तहांनी रशियाने चिंग साम्राज्याचा सुमारे दहा लाख चौरस किलोमीटर मुलूख घेतला. त्यात तीन महाराष्ट्र सहज मावतील. चीनच्या शालेय पुस्तकांत हे तह 'विषम' म्हणूनच शिकवले जातात. गमावलेली जमीन परत घेण्याची ओढ एवढी अनावर असती तर बीजिंगचा पहिला दावा तिथे असायला हवा होता. १९६९ मध्ये उस्सुरी नदीतल्या एका बेटावरून दोन्ही देशांत गोळीबार झालाही. पण १९९१ पासून २००४ पर्यंतच्या करारांनी चीनने ती सीमा बहुतांशी आहे तशी मान्य केली. ताजिकिस्तानकडे सुमारे २८,००० चौरस किलोमीटरचा दावा होता, घेतले जेमतेम हजार. जमिनीवरच्या चौदा शेजाऱ्यांपैकी बारा जणांशी सीमाकरार झालेले आहेत, राहिलेत भारत आणि भूतान. १९४९ नंतरच्या तेवीस सीमा आणि बेटांच्या वादांचा हिशेब मांडणाऱ्या एका अमेरिकी अभ्यासकाला सतरांत चीनने तडजोड केलेली आढळली, बळ वापरले ते सहांत.

माझ्या मते यातले सर्वांत शिकण्यासारखे प्रकरण ब्रह्मदेशाचे आहे, आणि तेच आपल्या चर्चेतून गायब असते. जानेवारी १९६० मध्ये चीनने ब्रह्मदेशाशी सीमेचा करार केला आणि त्यांच्या उत्तर सीमेवर जवळपास तीच रेषा स्वीकारली जिला आपण अरुणाचलच्या उत्तर सीमेवर मॅकमहोन रेषा म्हणतो. नाव तेवढे टाळले. जी रेषा भारताच्या बाबतीत साम्राज्यवाद्यांचे पाप होती, ती पलीकडच्या डोंगरात 'पारंपरिक सीमा' झाली. असे का? मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला होता, देशात भीषण दुष्काळ होता, आणि घरात आग लागलेला माणूस शेजाऱ्यांशी बांधावरून भांडत बसत नाही. ब्रह्मदेश, नेपाळ, मंगोलिया, पाकिस्तान, अफगाणिस्तान यांच्याशी सगळे करार १९६० ते १९६३ या चार वर्षांत आटोपले गेले. एप्रिल १९६० मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय दिल्लीतही आले होते. मग भारताशी का जमले नाही? कारण इतर शेजारी त्या आगीपासून लांब होते. दलाई लामांना आश्रय देणारा भारत तिबेटमध्ये हात घालतो आहे अशी बीजिंगची समजूत होती. ती चूक होती की बरोबर हा वेगळा विषय. आपल्याकडच्या चुका, वादग्रस्त भागात पुढे चौक्या टाकण्याचे आगेकूच धोरण वगैरे, तेही धरावे लागेल. पण १९६२ समजून घ्यायला तिबेट लागतो, पाच हजार वर्षांचा स्वभाव लागत नाही.

चिनी बाजूचा एक युक्तिवाद मात्र मला खरोखर अडवतो. ते म्हणतात, मांचू परके कसे? १६८९ च्या नेरचिन्स्क तहात त्यांनी स्वतःच आपल्या राज्याला मांचू भाषेत 'मध्यदेश' म्हटले आहे. आणि साम्राज्याच्या सीमा वारसाने घ्यायच्या नाहीत असा नियम करायचा तर भारताने कोणाच्या सीमा घेतल्या? मुद्दा बिनतोड आहे. मॅकमहोन हा काही ऋषी नव्हता, तो ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचा परराष्ट्र सचिव होता. कर्झनच्या फौजेने १९०४ मध्ये ल्हासात घुसून जे केले त्याचे लाभार्थी आपणही आहोत. तेव्हा हा वाद एका दरोडेखोराचा आणि एका साधूचा नसून दोन साम्राज्यांच्या दोन वारसांचा आहे, हे मी मान्य करतो. पण ते मान्य केल्यावर बीजिंगलाही तेच मान्य करावे लागते. वारसाने मिळालेली जमीन 'सनातन' राहत नाही. तिच्यावर इतरांच्याही नोंदी असतात आणि मग बोलणी त्या नोंदींवर करावी लागतात. पाच हजार वर्षांचा दाखला एकदा मान्य केला की बोलणीच संपतात. म्हणून तर तो सतत पुढे केला जातो.

आणि आपल्यासाठी त्यातली मेख अशी आहे. २४ मार्च १९१४ रोजी मॅकमहोन रेषेच्या नकाशावर ज्याची सही झाली तो लोन्छेन शात्रा हा ल्हासा सरकारचा मंत्री होता. चीनने ही रेषा कधी मान्य केली नाही, कारण तिबेटला सही करण्याचा अधिकारच नव्हता असे त्याचे म्हणणे आहे. म्हणजे ती रेषा उभी आहे ती एकाच गोष्टीवर : १९१४ मध्ये तिबेटला स्वतःचा हात होता आणि त्या हाताने त्याने सही केली. दिल्लीने १९५४ मध्ये तिबेटला चीनचा प्रदेश म्हटले, २००३ मध्ये पुन्हा म्हटले, परराष्ट्र खात्याची तोंडे त्यामुळे बांधलेली आहेत हे समजू शकते. पण वाहिनीवरच्या निवृत्त अधिकाऱ्याचे, अग्रलेख लिहिणाऱ्याचे, व्याख्यानमालेतल्या वक्त्याचे तोंड कोणी बांधले आहे? 'चीन पाच हजार वर्षांपासून असाच' म्हणताना ते शात्राची सही स्वतःच्या हाताने खोडत असतात.

पुढची यादी येईल तेव्हा ती नीट बघा. प्रत्येक नावापुढे चिनी अक्षरे असतात, रोमन लिपीतला उच्चार असतो, आणि शेजारी तिबेटी लिपीतले नावही असते. ते काही तिबेटींवरच्या प्रेमापोटी छापलेले नसते. अरुणाचलातल्या तवांगवरचा सगळा दावा ल्हासाच्या जुन्या अमलावर, तिथल्या मठाच्या ल्हासाशी असलेल्या नात्यावर टेकलेला आहे. तो तिबेटी शब्द काढला तर उरलेल्या दोन रकान्यांना काहीच आधार राहत नाही.